‘टाकाऊ’ कोणाचे? डहाणू-तलासरी परिसरातील शेतीअवशेषांचा इतिहास आणि औषधी अळिंबीची लागवड

प्रस्तावना

अळिंबीच्या लागवडीविषयी मराठीत जे लेखन होते त्यात एक विधान हमखास आढळते. अळिंबी म्हणजे टाकाऊतून टिकाऊ निर्माण करणारी शेती, हे ते विधान होय. भाताचा पेंढा, गव्हाचे काड, उसाचे पाचट, भाजीबाजारातील कचरा आणि खानावळीतील खरकटे या सर्वांची गणना ‘टाकाऊ’ या एकाच सदरात केली जाते. औषधी अळिंबीला गेल्या काही वर्षांत बाजारात मोठी मागणी निर्माण झाल्यापासून कुजविलेल्या खाद्यअवशेषांवर अशी अळिंबी घ्यावी, म्हणजे कचऱ्याचा प्रश्न आणि आदिवासी भागातील रोजगाराचा प्रश्न एकदमच सुटेल, असाही विचार मांडला जातो. हा विचार स्वागतार्ह आहे. मात्र ‘टाकाऊ’ हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. कोणती वस्तू टाकाऊ, कोणाच्या दृष्टीने टाकाऊ आणि ती उचलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांना प्रत्येक प्रदेशात स्वतंत्र इतिहास असतो.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे दोन तालुके या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. १९६० मध्ये महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. झरीसारखी तलासरी परिसरातील गावे पूर्वी याच तालुक्यात होती. पश्चिमेस समुद्रकिनारा व घोलवड-बोर्डीकडील चिकूच्या वाड्या, तर पूर्वेस डोंगरउतार, भातखाचरे, जंगल आणि वारली समाजाचे पाडे अशी या प्रदेशाची रचना आहे. या प्रदेशातील पालापाचोळा, गवत व पेंढा यांचा इतिहास आणि अळिंबीच्या लागवडीचा इतिहास एकत्र ठेवून पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

१. आधारद्रव्यावरून ओळख : सुश्रुतसंहिता ते फणसआळंबे

भारतीय परंपरेत अळिंबीविषयी दोन भिन्न दृष्टी आढळतात. धर्मशास्त्राची दृष्टी निषेधाची आहे. मनुस्मृतीत लसूण व कांद्याबरोबर कवकाचा समावेश अभक्ष्य पदार्थांत केलेला आहे. वैद्यकाची दृष्टी मात्र निरीक्षणाची आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा विचार करताना ‘उद्भिद’ नावाचा शाकवर्ग सांगितला आहे. त्यात पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर व जमिनीवर उगवणारे असे प्रकार करून त्यांचे गुण वेगवेगळे दिले आहेत. अळिंबी ज्या द्रव्यावर वाढते त्यानुसार तिचा गुण ठरतो, ही त्यामागील धारणा होय. आजच्या कवकशास्त्राची परिभाषा त्या ग्रंथकारांजवळ नव्हती. तरीही आधारद्रव्याचा प्रश्न हाच अळिंबीविषयीचा पहिला प्रश्न आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

महाराष्ट्राच्या वैद्यपरंपरेत औषध म्हणून जी अळिंबी प्रत्यक्ष वापरात राहिली तिचे नावही आधारद्रव्यावरूनच पडले आहे. जुन्या फणसाच्या खोडावर येणारे ‘फणसआळंबे’ किंवा ‘फणसोंबा’ हे कठीण, काष्ठवत् कवक उगाळून हिरड्यांना लावण्याची आणि तोंडास वारंवार पाणी सुटणे थांबविण्यासाठी वापरण्याची रूढी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील औषधी द्रव्यांविषयी जे इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाले त्यांतही या द्रव्याची नोंद झाली. पुढे १९९० च्या दशकात पुणे विद्यापीठातील कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य व त्यांचे सहकारी यांनी या द्रव्याचा शास्त्रीय अभ्यास केला आणि फणसोंबा या नावाने ओळखली जाणारी कवके प्रामुख्याने फेलिनस या प्रजातीतील असल्याचे दाखविले.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. फणसआळंबे झाडाच्या लाकडावर वर्षानुवर्षे वाढते. ते उकिरड्यावर किंवा खताच्या ढिगावर येत नाही. चीन व जपानमध्ये औषधी म्हणून मान्यता पावलेली गॅनोडर्मा व शिताके ही कवकेही मूलतः लाकडावरचीच आहेत. म्हणजे ‘औषधी अळिंबी’ आणि ‘कुजविलेला कचरा’ ही जोडी परंपरेने दिलेली नसून अलीकडे जुळविण्यात आलेली आहे. ती कशी जुळली हे समजण्यासाठी डहाणूपासून दूर, प्रथम पॅरिसकडे आणि नंतर इंदूरकडे वळावे लागते.

२. शहराचा उकिरडा आणि गावाचे खत

अळिंबीची खतावरील पद्धतशीर लागवड फ्रान्समध्ये रुजली. ऑलिव्हिए द सेर याच्या १६०० मधील कृषिग्रंथात तिचा उल्लेख येतो आणि १७०७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर याने पॅरिसमधील पद्धतीचे वर्णन केले. घोड्यांच्या तबेल्यांतील लीद व काड यांच्या ढिगावर बटण अळिंबी घेतली जात असे. पुढे पॅरिसच्या आसपासच्या जुन्या दगडखाणींत ही लागवड नेण्यात आली. पॅरिस शहरात घोडे असंख्य होते आणि त्यांची लीद शहराबाहेर काढणे ही नित्याची गरज होती. तेथे लीद खऱ्या अर्थाने टाकाऊ होती. १८९४ मध्ये पाश्चर संस्थेत शुद्ध बियाणे तयार झाले, तर १९३० च्या दशकात अमेरिकेत सिंडेन याने धान्यावरील बियाण्याची पद्धत आणली. मोटारींमुळे शहरांतील घोडे कमी झाले तेव्हा लिदीची टंचाई निर्माण झाली आणि गव्हाचे काड व कोंबडीखत यांपासून कृत्रिम कंपोस्ट बनविण्याकडे उत्पादकांना वळावे लागले. एका काळातील टाकाऊ वस्तू दुसऱ्या काळात विकत घ्यावी लागते, हा या इतिहासाचा धडा आहे.

त्याच सुमारास होळकरांच्या इंदूर संस्थानात खताविषयी वेगळ्या दिशेने विचार चालू होता. १९२४ मध्ये तेथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील अवशेष, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर देऊन खत बनविण्याची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. १९३१ मध्ये या दोघांनी शेतीतील टाकाऊ पदार्थांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथाच्या नावात ‘टाकाऊ’ हा शब्द असला तरी त्याचे प्रतिपादन नेमके उलट आहे. जमिनीतून आलेले सर्व जमिनीत परत जावे, आणि तसे झाल्यास शेतीत टाकाऊ असे काही उरत नाही, असे हे प्रतिपादन होय. पुढे सी. एन. आचार्य यांनी बंगळूर येथे नागरी कचऱ्यासाठी वेगळी पद्धत बसविली. महाराष्ट्रात श्रीपाद अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने स्वयंपाकघरातील अवशेषांपासून घराच्या गच्चीवर बाग फुलविण्याचा विचार लोकांपर्यंत नेला.

भारतातील अळिंबी लागवडीचा आरंभ १९४० च्या दशकाच्या प्रारंभी कोइमतूर येथे भातपेंढ्यावरील अळिंबीच्या प्रयोगांनी झाला. १९६१ मध्ये हिमाचल प्रदेशातील सोलन येथे बटण अळिंबीचा प्रकल्प सुरू झाला. १९६२ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरीची लागवड यशस्वी केली. १९८३ मध्ये सोलन येथे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि २००८ मध्ये त्यास संचालनालयाचा दर्जा मिळाला. बटण अळिंबीला फळधारणेसाठी साधारण १४ ते १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. कोकणपट्टीत ती वातानुकूलनाशिवाय घेता येत नाही. धिंगरी मात्र २० ते ३० अंशांत आणि दुधी अळिंबी ३० ते ३५ अंशांत येते. डहाणू-तलासरीच्या दमट, उष्ण हवेत लहान शेतकऱ्याला जमेल अशी लागवड या दोहोंचीच होय, आणि या दोहोंनाही मुख्यतः पेंढा लागतो. म्हणून या प्रदेशातील पेंढ्याचा, गवताचा व पालापाचोळ्याचा इतिहास पाहणे क्रमप्राप्त ठरते.

३. राब, गवत आणि वेठ

डहाणूच्या डोंगरी भागातील शेतकऱ्याने सेंद्रिय अवशेषांचा जो उपयोग पिढ्यान्पिढ्या केला तो राबाच्या रूपाने. भात व नागली यांची रोपे तयार करण्याच्या जागेवर झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर पसरून, त्यावर माती टाकून उन्हाळ्याच्या अखेरीस ते भाजले जातात. त्यामुळे तणाचे बी जळते, राख मिळते आणि पहिल्या पावसात रोपे जोमाने उगवतात. मुंबई इलाख्यातील वनखात्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राखीव जंगलांची आखणी केली तेव्हा राबासाठी टहाळ तोडण्यावर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्याविरुद्ध इतका असंतोष माजला की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये आला. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय शेतीवरील अहवालात व्होएल्कर यांनीही राबाच्या प्रश्नाची दखल घेतली. वनखात्याच्या लेखी टहाळतोड हा जंगलाचा अपव्यय होता, तर शेतकऱ्याच्या लेखी तो पुढील वर्षाच्या भाताचा आधार होता. एकाच पालापाचोळ्याची ही दोन मूल्यमापने होती, आणि अधिकार पहिल्याच्या हाती होता.

गवताचा इतिहास याहून कठोर आहे. पश्चिम किनाऱ्यावरून रेल्वे गेल्यानंतर या भागातील गवत गठ्ठे बांधून मुंबईकडे जाऊ लागले. पॅरिसच्या अळिंबीमागे जसे शहराचे तबेले होते तसे डहाणू-उंबरगावच्या गवतामागे मुंबईचे तबेले होते. फरक इतकाच की पॅरिसमध्ये तबेल्यातून बाहेर पडणाऱ्या मालावर कोणीतरी जगत होते, आणि येथे तबेल्यात जाणाऱ्या मालासाठी वारली मजूर राबत होते. जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेली होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी गडी म्हणून राबणे, पावसाळ्यात खावटी घेऊन सुगीस ती वाढीव मापाने फेडणे आणि बिनमोल वेठ करणे या प्रथांचे दर्शन सिमिंग्टन यांच्या १९३० च्या दशकाअखेरच्या सरकारी अहवालातही घडते.

२३ मे १९४५ रोजी तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगारीस नकार देण्यात आला. त्याच वर्षी पावसाळा संपताच गवतकापणीच्या मजुरीचा लढा उभा राहिला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, ही त्यातील मागणी होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला व त्यात माणसे मृत्युमुखी पडली. शामराव परुळेकर यांनी या उठावावर पुस्तिका लिहिली, तर गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. या लढ्याचा विचार सामान्यतः जमीन व वेठ यांच्या अंगाने केला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या ऐन संघर्षाचा विषय गवत हा होता, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. जे गवत आपोआप उगवते आणि कोणी पेरत नाही, त्याची किंमत कापणाऱ्याच्या श्रमात असते. ती किंमत मागण्यासाठी या प्रदेशात माणसांना प्राण द्यावे लागले.

पेंढ्याचीही गोष्ट निराळी नाही. भाताचा पेंढा हा गुरांचा उन्हाळ्यातील चारा असतो, पावसाआधी घर शाकारण्याचे साधन असतो आणि राबाच्या थरातही त्याची भर पडते. अळिंबीच्या प्रशिक्षणवर्गात ज्याला ‘उपलब्ध टाकाऊ पदार्थ’ म्हटले जाते, त्याला पाड्यावर आधीच तीन-चार वाटेकरी असतात.

४. वारुळावरची अळिंबी

लागवडीची अळिंबी या प्रदेशात नवी असली तरी अळिंबी नवी नाही. पहिल्या पावसानंतर वारुळांच्या परिसरात जमिनीतून वर येणारी अळिंबी हे आदिवासींच्या पावसाळी आहारातील आवडते अन्न आहे. विदर्भात तिला सात्या म्हणतात, गोव्यात ‘रोयण अळमी’. टर्मिटोमायसीस या प्रजातीतील ही कवके वाळवीबरोबरच राहतात. वाळवीचे कामकरी पालापाचोळा व लाकूड चावून, अर्धवट पचवून त्याची स्पंजासारखी पोळी वारुळात रचतात. त्या पोळीवर कवक वाढते, आणि कवकाने मऊ केलेले द्रव्य वाळवी खाते. शास्त्रज्ञांच्या अनुमानानुसार ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीची आहे. कुजविलेल्या अवशेषांवर अळिंबी घेणारा पहिला शेतकरी वाळवी होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. माणसाला मात्र ही अळिंबी व्यापारी प्रमाणावर पिकविणे अद्याप साधलेले नाही.

ही अळिंबी ज्या दिवसांत येते त्या दिवसांचे महत्त्व मोठे आहे. मागील वर्षाचे धान्य संपत आलेले आणि नवे पीक शेतात उभे, अशा टंचाईच्या काळात, म्हणजे पूर्वी ज्या काळात खावटी काढावी लागे त्याच काळात, जंगल हे अन्न पुरविते. विषारी व खाद्य अळिंबी ओळखण्याचे ज्ञान अनुभवातून आलेले असते आणि चुकीची किंमत प्राणाने द्यावी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला. त्या कायद्याच्या व्याख्येत बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती, कंदमुळे यांची नावे आहेत. अळिंबीचे नाव नाही. व्याख्येचा मुख्य शब्दप्रयोग ‘वनस्पतिजन्य’ असा आहे आणि जीवशास्त्रात कवके वनस्पतींत मोडत नाहीत. कायद्याचा हेतू पाहता अळिंबी त्यातून वगळली जाऊ नये, हे उघड आहे. तरीही ज्या अन्नावर लोक जगतात त्याचे नाव कायद्यात नसावे, ही बाब बोलकी आहे.

५. खाद्यअवशेषांवरील लागवड : शास्त्राच्या अटी

या पार्श्वभूमीवर खाद्यअवशेषांचा विचार करता पहिला प्रश्न येतो तो हे अवशेष कोणाचे, हा. कुपोषणासाठी वारंवार चर्चेत आलेल्या जिल्ह्यात पाड्यावरील घरातून उरलेले अन्न फारसे बाहेर पडत नाही, आणि जे उरते ते कोंबड्या व गुरे यांच्या वाट्याला जाते. अवशेष आढळतात ते महामार्गावरील हॉटेलांत, आश्रमशाळा-वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत, बाजारपेठांत आणि चिकूच्या हंगामात फळे निवडण्याच्या जागी. घनकचऱ्याविषयीच्या २००० व २०१६ च्या नियमांनी कचरा वेगळा करण्यावर भर दिला. तो औषधी अळिंबीच्या बाबतीत अनिवार्यच ठरतो, कारण अळिंबी कॅडमियमसारखे जड धातू आधारद्रव्यातून शोषून साठविते. मिश्र नागरी कचऱ्यावर वाढलेली अळिंबी औषध म्हणून देणे म्हणजे अपाय विकत देण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न द्रव्याच्या गुणाचा, म्हणजे सुश्रुताने उपस्थित केलेलाच आहे. शिजलेल्या अन्नात पाणी, मीठ, तेल व नत्र अधिक असते. ते तसेच वापरल्यास दुर्गंधी सुटते, अमोनिया तयार होतो आणि हिरवी बुरशी अळिंबीच्या आधी ढीग व्यापते. काड मिसळून कर्ब-नत्राचे प्रमाण आरंभी २५ ते ३० : १ असे राखावे लागते. ढिगाचा अंतर्भाग ६० ते ७० अंशांपर्यंत तापू द्यावा लागतो आणि अमोनिया पूर्ण नाहीसा झाल्यावरच बियाणे घालता येते. असे कंपोस्ट बटण अळिंबीस मानवते. धिंगरी व गॅनोडर्मा ही कवके मात्र न कुजलेला पेंढा, भुसा किंवा लाकूड यांवर वाढतात. म्हणून कुजविलेल्या खाद्यअवशेषांचा या प्रदेशातील योग्य उपयोग दुधी अळिंबीच्या वाफ्यावर द्यावयाच्या मातीच्या थरात, पूर्ण मुरलेल्या खताच्या रूपाने, मर्यादित प्रमाणात होऊ शकेल. मुख्य आधारद्रव्य पेंढाच राहील. पेंढा लागणार असेल तर त्याची किंमत हिशेबात धरली पाहिजे.

तिसरा प्रश्न सावधगिरीचा आहे. गॅनोडर्माच्या काही जाती नारळाच्या बुंध्याचा कूज हा घातक रोग निर्माण करतात. १९५२ पासून तमिळनाडूतील तंजावर भागात तो नोंदलेला आहे. नारळाच्या वाड्या असलेल्या डहाणूच्या किनारपट्टीत गॅनोडर्माची लागवड करावयाची असल्यास वापरलेले ठोकळे उघड्यावर टाकणे धोक्याचे ठरेल.

चौथा प्रश्न ‘औषधी’ या विशेषणाचा. जपानमध्ये अळिंबीपासून काढलेल्या काही शुद्ध अर्कांना १९७० व १९८० च्या दशकांत कर्करोगावरील पूरक औषधे म्हणून मान्यता मिळाली. परंतु शुद्ध अर्क आणि घरी वाळवून दळलेली पूड यांत अंतर आहे. कर्करोग वा मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीस भारतात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. लहान उत्पादकाला चढ्या भावाचे आमिष दाखवून अशा दाव्यांच्या बाजारात उतरविले गेल्यास त्याची फसवणूक होईल आणि रुग्णाचीही.

समारोप

डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला आणि १९९६ मध्ये त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण स्थापन झाले. मोठ्या उद्योगांवर अशी मर्यादा असलेल्या प्रदेशात शेतीवर आधारित लहान व्यवसायांचे महत्त्व निर्विवाद आहे. अळिंबीची लागवड त्यांत बसते. तिला थोडी जागा पुरते, वापरून झालेले आधारद्रव्य पुन्हा शेतात खत म्हणून जाते, आणि इंदूरच्या विचाराप्रमाणे चक्र पूर्ण होते.

परंतु या प्रदेशाचा इतिहास एक अट घालतो. येथे टहाळ, गवत आणि पेंढा यांना बाहेरच्या माणसाने जेव्हा जेव्हा फुकटचे मानले, तेव्हा तेव्हा ती किंमत वारल्यांनी भरली आहे. म्हणून कोणत्याही योजनेच्या हिशेबात पेंढ्याचा भाव, ढीग पालटणाऱ्याची मजुरी आणि उरलेल्या खतावरील हक्क ही तीन कलमे स्पष्टपणे लिहिली जाणे आवश्यक आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर काम करताना, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून, शाळाच कुरणावर नेली होती. मुलांचे श्रम गृहीत धरून त्यांनी शिक्षणाची रचना बदलली. अळिंबीचे शास्त्रही पाड्यावर न्यावयाचे असेल तर तेथील पेंढ्याचे आधीचे वाटेकरी आणि वारुळावरच्या अळिंबीचे आधीचे जाणकार यांना गृहीत धरूनच ते न्यावे लागेल. १९४५ मध्ये गवताच्या बाबतीत जो प्रश्न विचारला गेला, तोच पेंढ्याच्या बाबतीत पुन्हा विचारण्याची वेळ कोणावर येऊ नये.